उपग्रह-इंटरनेटची चाचणी सुरगाण्यात घ्या, तीही आषाढात

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. अशी सही करणारं हे देशातलं पहिलं राज्य. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम ही नावं तेव्हा पुढे आली. आदिवासी शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, आपले सरकार केंद्रं यांना थेट आकाशातून इंटरनेट द्यायचं ठरलं. यादीत नाशिक नव्हतं. नाशिक म्हटलं की मंत्रालयाला द्राक्षं, कांदा, कारखाने आणि कुंभ आठवतो. पश्चिमेचे सुरगाणा-पेठसारखे आदिवासी तालुके आठवत नाहीत, आणि यात नवीन काही नाही.

नाशिकचं नाव घाला, ही मागणी आहेच. पण नुसतं नाव घालून भागणार नाही. हे इंटरनेट ज्या उंच फ्रिक्वेन्सीच्या लहरींवर चालणार आहे, त्यांचं आणि आपल्या डांगी पट्ट्यातल्या, म्हणजे या पश्चिमेच्या डोंगरी भागातल्या, पावसाचं वैर आहे. त्यावरचा बंदोबस्त आत्ताच करारात लिहून घेतला नाही, तर ऑक्टोबर ते मे झकास चालणारी आणि जून ते सप्टेंबर रुसलेली छत्री प्रत्येक आश्रमशाळेच्या छतावर दिसेल. त्यासाठी हे मुद्दे.

१. मी या तंत्राच्या विरोधात नाही, हे आधी सांगतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी आणि कळवणच्या डोंगरी भागांत असे पाडे आहेत, जिथे रेंजसाठी माणसं ठरावीक दगडावर किंवा टेकडीवर जाऊन उभी राहतात. शासनाने मात्र सगळं मोबाइलवर आणून ठेवलं आहे. अंगणवाडीताईंना पोषण ट्रॅकर भरायचा असतो. रोजगार हमीची हजेरी ॲपवर फोटो काढून लावायची असते. रेशन दुकानात थंब लागला नाही, की धान्य अडतं. सोयी नंतर आणि सक्ती आधी, असा हा क्रम आहे. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातेत घाला’ म्हटलं, तेव्हा चार दिवस बातम्या झाल्या. रस्ता, पाणी, दवाखाना यांच्या रांगेत आता रेंजही उभी आहे.

फायबर टाकून हे सुटावं, असं कुणालाही वाटेल. पण दऱ्या, वनखात्याची हद्द आणि दर पावसाळ्यात रस्त्याबरोबर उखडणारी केबल, हे सगळं पाहिलेला माणूस आकाशाकडे बघणारच.

२. आता उंच फ्रिक्वेन्सीचा सोस का, ते पाहू. यासाठी लांब जायला नको, पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाजवळ थांबलं तरी पुरे. तिथे आर्वीला १९७१ साली देशाचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. आज ते विक्रम साराभाईंच्या नावाने ओळखलं जातं. सुमारे ३० मीटर व्यासाची ती थाळी ४ आणि ६ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर परदेशी फोन पोचवत असे. अंतराळातून येणारा संदेश क्षीण होता आणि लहर लांब होती, म्हणून थाळी एवढी अवाढव्य.

पुढचं पाऊल नाशिकशी थेट जोडलेलं आहे. २० सप्टेंबर २००४ रोजी इस्रोने फक्त शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ सोडला. त्याच्या पहिल्या प्रायोगिक टप्प्यात देशातली तीन विद्यापीठं होती आणि त्यांपैकी एक होतं गंगापूर धरणाजवळचं आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. तोवर फ्रिक्वेन्सी कू बँडपर्यंत, म्हणजे ११ ते १४ गिगाहर्ट्झपर्यंत चढली होती आणि थाळी छतावर मावू लागली होती. घरोघरच्या डिश टीव्हीच्या छत्र्याही याच बँडवर चालतात.

फ्रिक्वेन्सी चढवण्यामागे दोन सरळ कारणं आहेत. एक, वर जागा मोकळी आहे. खालचे बँड मोबाइल, रडार, टीव्ही यांनी भरलेत. पारंपरिक कू बँडात उपग्रहाला उतरत्या दिशेने ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास पट्टा मिळतो. का बँडात, म्हणजे २० आणि ३० गिगाहर्ट्झच्या परिसरात, दोन-अडीच हजार मेगाहर्ट्झ मिळतात. ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गिगाहर्ट्झच्या ई बँडात दोन्ही दिशांना पाच-पाच हजार. पट्टा रुंद, तेवढा डेटा जास्त. दुसरं, लहर आखूड झाली की तेवढ्याच थाळीतून झोत बारीक निघतो. मग एकच फ्रिक्वेन्सी नाशिकवर वापरून पुन्हा नागपूरवरही वापरता येते.

याच हिशेबावर इस्रोचा जीसॅट-११ (डिसेंबर २०१८) १६ गिगाबिटचा झाला आणि १९ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेतून फाल्कन-९ वर गेलेला जीसॅट-एन२ सगळाच्या सगळा का बँडवर ४८ गिगाबिटचा. त्याआधी, २०१८ च्या नोव्हेंबरात, जीसॅट-२९ ने का बँडहून वरच्या क्यू आणि व्ही बँडांचं उपकरण नेऊन पाहिलं. युरोपने जून २०२१ मध्ये ‘डब्ल्यू-क्यूब’ नावाचा चिमुकला उपग्रह सोडला, तो ७५ गिगाहर्ट्झवर संदेश पाठवत वातावरण त्याचं काय करतं ते मोजू लागला. जर्मनीत जमिनीवरच कोलोन ते वाख्टबर्ग असा ३७ किलोमीटरचा पल्ला या बँडात ६ गिगाबिट वेगाने गाठून झाला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

जाता जाता एक. एवढ्या आखूड रेडिओ लहरी माणसाच्या हातात पहिल्यांदा आल्या त्या कोलकात्यात. जगदीशचंद्र बोस १८९५ च्या सुमारास प्रेसिडेन्सी कॉलेजात पाच मिलिमीटरच्या लहरींवर, म्हणजे ६० गिगाहर्ट्झजवळ, प्रयोग करत होते. गंमत अशी, की नेमक्या त्याच ठिकाणी हवेतला ऑक्सिजन लहर गिळतो. म्हणून जमीन आणि उपग्रह यांच्या संवादाला तो पट्टा वगळून पुढे उडी मारावी लागते. पण ऑक्सिजन कुठे किती गिळतो, ते ठरलेलं असतं. पावसाचं तसं नसतं.

३. खरी अडचण इथून सुरू होते. पावसाचा थेंब एक ते पाच मिलिमीटरचा. आर्वीच्या ४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसात सेंटिमीटर, तिला थेंबाचं अस्तित्वही जाणवत नाही. १२ गिगाहर्ट्झची अडीच सेंटिमीटर, ३० ची एक सेंटिमीटर आणि ७५ ची तर चारच मिलिमीटर, म्हणजे थेंबाएवढीच. लहर आणि थेंब एका मापाचे होऊ लागले, की थेंब तिची ऊर्जा शोषतो आणि उरलेली भलतीकडे उधळतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची सूत्रं वापरून आकडे काढता येतात. तासाला ५० मिलिमीटर वेगाचा पाऊस तीन किलोमीटरच्या वाटेवर पडतो आहे, असं धरा. ४ गिगाहर्ट्झला त्याचा फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल. १२ ला संदेशाचा सुमारे पाचवा हिस्सा पोचतो. २० ला पन्नासावा. ३० ला हजारावा. ७५ गिगाहर्ट्झला दोन-अडीच लाखांत एक. फ्रिक्वेन्सी पायरीपायरीने चढते आणि पावसाचा मार पटीपटीने वाढतो. डिश टीव्ही बघणाऱ्या प्रत्येक घराने हे कू बँडातही अनुभवलंय: बाहेर धो धो सुरू झाला की पडद्यावर चौकोन-चौकोन आणि मग ‘सिग्नल नाही’.

आता आपला जिल्हा बघा. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पूर्वेला येवला-नांदगावकडे ५००-६००. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत पाच पटींचा फरक. आणि रेंज कुठे नाही? जिथे डोंगर आहेत तिथे. पाऊस कुठे जास्त? तिथेच. सह्याद्रीची भिंत ढगही अडवते आणि टॉवरच्या लहरीही अडवते. त्यामुळे उपग्रहाची गरज ज्यांना सर्वांत जास्त, त्यांच्याच डोक्यावर उपग्रहाच्या लहरीचा सर्वांत मोठा शत्रू चार महिने मुक्कामाला असतो. येवल्यात घेतलेल्या चाचणीवरून सुरगाण्याचा निर्णय करू नका, हे माझं म्हणणं यावरच उभं आहे. दिल्लीतल्या प्रात्यक्षिकाबद्दल तर बोलायलाच नको.

थाळीवर साचणारं पाणी आणखी वेगळं. सतत ओल्या राहिलेल्या थाळीवर पाण्याचा पातळ थर धरतो आणि का बँडात तेवढा थरही संदेशाचा लचका तोडतो. डांगी भागात आषाढाच्या झडीत भिंतीवरही शेवाळ चढतं. थाळी काय अपवाद असणार?

४. इथे प्रामाणिकपणे एक अडसर मांडला पाहिजे, कारण तो माझ्याच युक्तिवादात आहे. लहरीला वर्षाचा पाऊस कळत नाही, तिला त्या मिनिटाचा पाऊस कळतो. आणि घाटमाथ्याचा पाऊस पुष्कळदा बारीक थेंबांचा असतो. दिवसेंदिवस भिजवणारा, पण मिनिटाचा वेग बेताचा. उलट निफाड-येवल्याकडे मे महिन्यातला वळीव किंवा परतीचा पाऊस अर्ध्या तासात वावर वाहून नेतो. म्हणजे कदाचित असं निघेल, की सुरगाण्यात लहर बराच वेळ थोडी थोडी कमी होत राहते आणि येवल्यात क्वचित, पण पार बंद पडते. या दोन आजारांना औषधं वेगळी. पहिल्याला मोठी थाळी आणि जादा ताकद पुरेल. दुसऱ्याला अर्धा तास थांबणं एवढाच उपाय.

युरोपातले निष्कर्ष उचलून आणूनही चालणार नाहीत. तिथला पाऊस आपल्यापेक्षा सौम्य. पण आपल्या बाजूनेही एक गोष्ट आहे: ७४ अंश पूर्वेवरचा जीसॅट-११ नाशिकहून पाहिला तर दक्षिणेला, क्षितिजापासून ६५ अंशांहून वर, जवळजवळ डोक्यावर असतो. संदेशाची वाट उभी, त्यामुळे पावसातून जाणारा टप्पा छोटा. युरोपात ती वाट तिरकी आणि लांब असते.

तेव्हा मोजणं भाग आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा उभारली आहे. तिथे थेंबांचे आकारही मोजले जातात. तसं उपकरण सुरगाणा, पेठ आणि इगतपुरीत बसवायला काय हरकत आहे? इस्रोने जीसॅट-१४ वर (२०१४) २०.२ आणि ३०.५ गिगाहर्ट्झचे दोन संदेश-दिवे (बीकन) मुद्दाम याच अभ्यासासाठी पाठवले होते, म्हणजे पद्धत घरचीच आहे. महसूल मंडळागणिक ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रं आधीच उभी आहेत. नाशिकमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयांचाही तुटवडा नाही. अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत दरवर्षी तीच ती हजेरीची ॲपं करण्यापेक्षा मुलांनी पावसाळाभर एका थाळीचा सिग्नल आणि शेजारच्या पर्जन्यमापकाचा मिनिटाचा आकडा नोंदवला, तर जिल्ह्याला उपयोगी असं काही हाती लागेल.

५. निविदेत ‘९९.५ टक्के उपलब्धता’ असं छापलेलं असतं आणि वाचणारा खूश होतो. अर्धा टक्का म्हणजे वर्षाचे ४४ तास. ते वर्षभर सारखे विखुरलेले असते तर कुणाची तक्रार नव्हती. पण ते विखुरत नाहीत. ते जून ते सप्टेंबरात गोळा होतात, आणि त्यातही मुसळधार पावसाच्या दिवसांत. नेमकं तेव्हाच गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो आणि गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं याच्या बातम्या सुरू होतात. घाटात दरड येते. सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. अडलेल्या बाळंतिणीसाठी १०८ ला फोन लावायचा असतो.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. बाहेर खबर पोचली ती एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसेना म्हणून. त्या दिवशी माळीणला ९९.५ टक्क्यांतला तास हवा होता की उरलेल्या अर्ध्यातला, हे ज्याने त्याने ठरवावं.

म्हणून करारात वर्षाची सरासरी नको. उपलब्धता महिन्यागणिक मोजा, जुलै आणि ऑगस्ट स्वतंत्र दाखवा, आणि दंडही त्याच महिन्यांवर लावा. दुसरं, आधुनिक यंत्रणा पाऊस आला की संपर्क लगेच तोडत नाही, वेग कमी करत नेते. संदेश अधिक सावकाश, अधिक राखून पाठवते. हे चांगलंच आहे. पण मग पावसात किमान किती वेग राहील, तो आकडा करारात हवा. १०० मेगाबिटची जाहिरात मला नको. जुलैच्या रात्री आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाला ईसीजी जाईल एवढा वेग कधीच तुटणार नाही, असं लिहून द्या.

६. हा मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उपग्रहाचं इंटरनेट घरच्या थाळीतून आकाशात जातं आणि तिथून पुन्हा जमिनीवर, एका मोठ्या भूकेंद्रात, म्हणजे गेटवेत उतरतं. स्टारलिंक आणि वनवेब या दोन्ही कंपन्यांच्या घरच्या थाळीची लहर कू बँडात आहे; गेटवेची मात्र का बँडात, आणि स्टारलिंक ई बँडही वापरते. म्हणजे पावसाला जास्त घाबरणारी कडी गावात नाही, गेटवेवर आहे. भारतातल्या ग्राहकांची वाहतूक भारतातल्याच गेटवेतून गेली पाहिजे, ही केंद्राची सुरक्षा-अट. ती योग्यच. पण तो गेटवे कुठे असावा?

केबल समुद्रातून जिथे वर येतात, तिथे जवळ पडतं म्हणून सगळ्यांची पहिली पसंती मुंबईला. आणि मुंबई म्हणजे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. असा नाही, त्याच्या चौथाईचा पाऊस मुंबईवर कोसळत असेल, तर सुरगाण्यात उघडीप असूनही तिथलं इंटरनेट अडखळू शकतं. उपग्रह एकमेकांशी लेझरने बोलून संदेश दुसऱ्या गेटवेला देऊ शकतात, हे मान्य. पण तो दुसरा गेटवे कोरड्या जागी असला तर उपयोग.

अशी जागा आपल्याच जिल्ह्यात आहे. सिन्नर आणि येवला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. सिन्नरला औद्योगिक वसाहती आहेत, वीज आहे, समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो. मुसळधार पावसाची सर काही किलोमीटरांचीच असते. एक गेटवे सिन्नरला आणि दुसरा चाळीस-पन्नास किलोमीटरवर येवल्याकडे ठेवला, तर दोन्हींवर एकाच मिनिटाला तसा पाऊस असण्याची शक्यता फार कमी. वनवेबने एक गेटवे गुजरातेत मेहसाण्याला नेला, तोही कोरडा मुलूख. जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी आणखी एका उड्डाणपुलासाठी भांडण्याऐवजी हे मागावं. पश्चिमेच्या तालुक्यांना जोडणारा गेटवे पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यात, असा योग वारंवार येत नाही.

७. सुरगाण्यातल्या कुणालाही विचारा, पावसाळ्यात आधी काय जातं? लाइट. वारा सुटला, फांदी तारेवर पडली, की दोन-दोन दिवस अंधार. घरगुती उपग्रह-थाळी साधारण ७५ ते १०० वॅट खाते, म्हणजे अखंड चालवली तर दिवसाला दोन युनिटच्या आसपास. सौर पॅनेल लावा, असं सांगणं सोपं आहे. आषाढात आठ-आठ दिवस सूर्यच दिसत नाही. त्यामुळे बॅटरी निदान दोन दिवस पुरेल एवढी हवी आणि तिचा खर्च थाळीच्याच अंदाजपत्रकात धरलेला हवा. नाहीतर थाळी एका खात्याची, बॅटरी दुसऱ्या खात्याची आणि तिसऱ्या वर्षी बॅटरी बदलणारं खातं कुठलंच नाही.

८. घरटी थाळी हे डांगी भागातलं स्वप्न आहे, योजना नव्हे. मोलमजुरीसाठी द्राक्षबागांत उतरणाऱ्या कुटुंबाला मासिक वर्गणी परवडणार नाही. थाळी गावाची असावी: आरोग्य उपकेंद्र, आश्रमशाळा, ग्रामपंचायत, रेशन दुकान. त्याहून उत्तम म्हणजे बीएसएनएलच्या टॉवरला उपग्रहाने जोडणं. मग पाड्यावरच्या साध्या मोबाइललाच रेंज येते, नवं काही विकत घ्यावं लागत नाही. केंद्राने जुलै २०२२ मध्ये टॉवर नसलेल्या गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. टॉवर उभा राहूनही मागची तार पोचत नसेल तिथे हाच मार्ग आहे.

दूरसंचार नियामक ट्रायने ९ मे २०२५ च्या शिफारशीत उपग्रह कंपन्यांकडून महसुलाच्या ४ टक्के आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये घ्यावेत, ग्रामीण ग्राहकांना यातून सूट द्यावी, असं म्हटलं. गरजू ग्रामीण भागात थाळीवर अनुदानाचा विचार करावा, असंही सुचवलं. स्पेक्ट्रमचा लिलाव व्हावा की सरकारने नेमून द्यावा, यावर बड्या कंपन्यांचं भांडण बराच काळ चाललं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ते नेमून देण्याच्या बाजूने मिटवलं. मला त्यातल्या कुठल्याच कंपनीचं सुखदुःख नाही. सार्वजनिक लहरी लिलावाविना मिळत असतील, तर त्यांच्या मोबदल्यात पावसाळ्यातल्या सेवेची अट घालायचा हक्क जनतेला आहे, एवढंच.

९. सिंहस्थाला हे इंटरनेट वापरू, अशी घोषणा कुणीतरी करेल. करू नये. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, श्रावणाच्या तोंडावर, आणि गर्दी लाखांची. उपग्रहाचा एक झोत मोठ्या मुलखावर पडतो आणि त्यातली क्षमता सगळ्यांत वाटली जाते. जीसॅट-एन२ ची अख्ख्या देशासाठीची क्षमता ४८ गिगाबिट आहे. रामकुंडावरच्या गर्दीला फायबर आणि टॉवरच हवेत. नियंत्रण कक्षाला फायबर तुटलं तर राखीव म्हणून एक-दोन थाळ्या जरूर ठेवा. फोटो काढण्यासाठी मात्र नकोत.

१०. आणखी एक शेजारी आहे, त्याला विसरून चालणार नाही. आर्वीजवळच खोडदला जीएमआरटी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची रेडिओ दुर्बीण, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. ती बोलत नाही, फक्त ऐकते, तेही दीड गिगाहर्ट्झच्या खालचं. का बँडचं तिच्याशी थेट भांडण नाही. पण २०२३ मध्ये युरोपातल्या खगोलशास्त्रज्ञांना आढळलं, की स्टारलिंकच्या उपग्रहांतली इलेक्ट्रॉनिक्स ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नकळत गोंगाट करते. त्यातला काही पट्टा खोडदच्याही कामाचा आहे. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग या दुर्बिणीसाठी बदलायची वेळ आली आणि नाशिककरांनी त्यावर बरीच चिडचिड केली. मी त्या चिडचिडीत नव्हतो. रेल्वे वळवता येते. उपग्रह मात्र खोडदला वळसा घालून जाऊ शकत नाहीत. म्हणून त्यांच्याकडून गोंगाटाची मर्यादा परवान्यातच लिहून घ्यावी लागेल.

११. राहिला चाचणीचा प्रश्न. राज्याच्या इरादापत्रात ९० दिवसांचा पथदर्शी टप्पा आणि ३०, ६०, ९० दिवसांवर आढावा असं ठरलंय. नव्वद दिवस पुरेसे आहेत, फक्त ते कुठले हे सांगा. जानेवारी ते मार्च घेतले तर अहवाल सुंदर येईल. नाशिक जिल्ह्यासाठी ते १५ जूनपासून सुरू करा. चाचणीचं एक ठिकाण सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात, एक पेठमधल्या आश्रमशाळेत आणि तुलनेसाठी एक येवल्यात ठेवा. प्रत्येक ठिकाणी कू आणि का, दोन्ही बँडांच्या थाळ्या शेजारी-शेजारी बसवा, खासगी कंपनीच्या आणि जीसॅटच्याही. प्रत्येकीजवळ मिनिटामिनिटाचा पर्जन्यमापक ठेवा. संपर्क कधी तुटला, किती वेळ तुटला, तेव्हा पाऊस किती होता आणि लाइट होती की नव्हती, हे चार रकाने रोज रात्री जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाका, मराठीत आणि कुणालाही उतरवून घेता येतील असे. उपकरणांचा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या आवाक्यातला आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेण्यासाठी सुरगाणा, पेठ, इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरच्या ग्रामसभांनी ठराव करून पाठवावेत.